झिराडच्या घराचा माग कसा काढावा? (बेने इस्राएल कुटुंब, ठाणे)

खारकर आळी:
नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आडनाव अलिबागजवळच्या झिराडवरून आलेलं. माझी आत्या १९६३ साली इस्रायलला गेली, हल्ली अश्दोदला असते. तिची नात डिसेंबरात येतेय आणि तिला म्हणे "आपलं घर" बघायचंय.

झिराडला मी दोनदा जाऊन आलो. पारावरच्या एका म्हाताऱ्यांनी "शनवार तेल्यांचं घर होय?" म्हणून बरोब्बर ओळखलं (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून हे नाव), पण बोट दाखवलं ते कुणाच्या तरी बंगल्याकडे. वॉचमनने गेटही उघडलं नाही.

आजोबा सांगायचे, घरातून पहिला ठाण्यात आलो तो मी, माझे वडील गावीच वारले. त्यांचं नाव शमुवेल. आता गंमत बघा. गेल्या महिन्यात कब्रस्तानात आजोबांच्या कबरीवरचं गवत काढत होतो, तर मागच्या रांगेत आमच्याच आडनावाचा दगड दिसला. मराठीत नाव सामाजी. खाली हिब्रूत साल: ताव, रेश, पे, हे. मला हिब्रू येतं ते प्रार्थनेपुरतं. अक्षरांचं साल कसं करायचं, हे कधी कुणी शिकवलं नाही. हे सामाजी कोण असावेत?

पांढरा कांदा:
मी अलिबागचाच. बंगल्याचा नाद सोडा, आमच्याकडे अर्ध्या वाड्यांची तीच गत आहे. गेटबाहेरून भिंत दाखवण्यापेक्षा पोरीला जवळच नवगावला न्या. तुमच्या पूर्वजांचं जहाज फुटल्यावर वाचलेली सात जोडपी तिथेच किनाऱ्याला लागली, असं तुमचेच लोक सांगतात. तिथे जुन्या कबरी आहेत, स्मारक आहे. येता-जाता पनवेलचं १८४९चं सिनेगॉगही होईल.

सातबारा सम्राट:
फेरफार काढा. तलाठी ऑफिसला जा. एवढं सोपं आहे.

मोडी शिकतोय:
सम्राट, जुने फेरफार मोडीत असतात, तेव्हा "एवढं सोपं" नसतं. असो.

खारकर आळी, दगडाचं गणित सांगतो. हिब्रूत अक्षरांनाच किंमत असते. ताव ४००, रेश २००, पे ८०, हे ५. झाले ६८५. वरचे पाच हजार सहसा लिहीत नाहीत. ६८५ मध्ये १२४० मिळवले की १९२५. त्यांचं वर्ष आपल्या भाद्रपद-अश्विनाच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे तारीख पावसाळ्यानंतरची असेल तर १९२४ धरा.

आणि सामाजी म्हणजेच शमुवेल हो! कोकणात जुन्या लोकांची नावं अशीच वळलेली. मुंबईचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे शमुवेल इझिकेल दिवेकर, तेच सामाजी हसाजी दिवेकर. नोंदी शोधतानाही दोन्ही नावांनी शोधा. माझ्या मते तुम्हाला पणजोबा सापडलेत. आजोबांचा जन्म कधीचा?

खारकर आळी:
१९१९. म्हणजे वडील गेले तेव्हा पाच-सहा वर्षांचे, आणि तेही ठाण्यात! मग "पहिला आलो मी" कुठून आलं? सरळ आत्याला फोन लावला.

ती खो खो हसली. म्हणाली, "बाबांना ठाणेकर म्हणवून घेणं आवडायचंच नाही. बिरड्याच्या सणाला वालसुद्धा झिराडचेच लागायचे." (इथल्या मित्रांसाठी: जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुखवट्याचा उपास, आणि तो सोडताना वालाचं बिरडं. नाव पडलं बिरड्याचा सण.)

मी म्हटलं, मग नातीला घर कुठलं दाखवू? तर म्हणे, "मी कुठे झिराड पाहिलंय? तिला टेंभी नाक्याचं आपलं सिनेगॉग दाखव, १८७९चं. माझं लग्न तिथं झालं." मग गाडी जुन्या विषयावर गेली. आत्या तिथे पोचली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६४ साली, बेने इस्राएलांना जेरुसलेमला आंदोलन करावं लागलं होतं, कारण तिथले रब्बी (ज्यू धर्मगुरू) आमच्या लोकांच्या लग्नांबाबत शंका काढत होते. आत्या अजून चिडते. "अलिबागेत आपली आळी ती इस्राएल आळी, आणि इथं मी कोण, तर होदी." होदी म्हणजे हिंदुस्थानी.

पांढरा कांदा:
मग नवगाव रद्द?

खारकर आळी:
छे, जाणारच आहे. आत्याने दोन किलो कडवे वाल मागवलेत, अलिबागचेच. तिकडचे म्हणे शिजून नुसता लगदा होतो. बाजार कुठल्या वारी असतो?

पांढरा कांदा:
बाजारात जाऊ नका, फसवतील. निघायच्या आदल्या दिवशी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.