‘नवं कॉइन पाच मिनिटांत’? आधी विकायचं कसं ते सांगा

कऱ्हाकाठ

परवा ‘साखळीवाला’ यांचा ‘नवशिक्यांनो, नवं कॉइन पाच मिनिटांत घ्या’ हा क्रिप्टो चलनांवरचा लेख वाचला आणि डोकं तापलं. वॉलेट (कॉइन ठेवायचं ॲप) उतरवा, त्याच्या किल्लीचे बारा शब्द वहीत लिहा, पीटूपीवर, म्हणजे अनोळखी माणसाशी थेट व्यवहार करून, यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) घ्या, डेक्सवर (मध्ये कंपनी नसलेल्या बाजारात) ते नव्या टोकनशी, म्हणजे नव्या कॉइनशी, स्वॅप करा (अदलाबदल), झालं. वर ‘उशीर केलात तर भाव निघून जाईल’ ही घाई. घेतलेलं कॉइन विकून रुपये परत बँकेत कसे आणायचे, यावर अख्ख्या लेखात एक वाक्य नाही. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

२०२१ चं स्क्विड टोकन आठवत असेल. गाजलेल्या मालिकेचं नाव लावलेलं, मालिकेशी संबंध काही नाही. भाव बघता बघता २,८०० डॉलरच्या वर गेला. लोकांना पडद्यावर फायदा दिसत होता, पण विकायला गेलं की विक्री होत नव्हती. त्यासाठी ‘मार्बल्स’ नावाचं दुसरंच टोकन लागायचं. १ नोव्हेंबरला बनवणाऱ्यांनी पूल, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी ठेवलेला सामाईक पैसा, उपसला आणि भाव शून्याला टेकला. बुडालेल्यांनी तुमच्या लेखातल्या पायऱ्या अगदी बरोबर पार केल्या होत्या.

शिकायचंच असेल तर हजारेक रुपयांचं काहीतरी घ्या आणि त्याच दिवशी विकून पैसे खात्यात आणा. हा पूर्ण फेरा जमल्याशिवाय मोठी रक्कम नाही. नवं टोकन नावाने शोधू नका, एकाच नावाची टोकनं कोणीही कितीही काढू शकतो. कॉन्ट्रॅक्टचा (टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून घ्या, टेलिग्राम ग्रुपमधून नाही. एक्सप्लोररवर (सगळे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) बघा, परकी वॉलेटं विकू शकतायत का, आणि वरच्या पाच-दहा वॉलेटांत किती माल अडकलाय. सगळे पैसे टोकनात ओतू नका. इथेरियमवर थोडं ईथर, सोलानावर थोडं सोल (त्या त्या नेटवर्कचं स्वतःचं कॉइन) शिल्लक नसेल तर गॅस, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, भरता येत नाही आणि तुम्ही आतच अडकता. ही माहिती नवशिक्याला पहिल्या दिवशी मिळायला हवी.

साखळीवाला

लेखाचं नावच ‘कसं घ्यायचं’ आहे. विकण्यावर दुसरा भाग येणारच होता, दम धरवला नाही तुम्हाला.

स्क्विडचं उदाहरण सगळेच देतात. १८ जुलै २०२४ बद्दलही लिहा ना. वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून (कॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीतून) सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. लोकांनी केवायसी केलं होतं, टीडीएस भरला होता, सगळं नियमात होतं, तरी पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. एफटीएक्स हे परदेशी एक्स्चेंज तर नोव्हेंबर २०२२ मध्ये आठवडाभरात कोसळलं. म्हणून मी पहिल्या पायरीला स्वतःचं वॉलेट सांगतो. बारा शब्द तुमच्याकडे तर कॉइन तुमचं. तुमचा सल्ला वाचून नवा माणूस घाबरून सगळं एक्स्चेंजवरच ठेवणार, आणि ते जास्त धोक्याचं आहे.

वामनराव मिरजकर

दोघेही एकाच जुगाराची दोन दारं दाखवताय. गेनबिटकॉइन योजना विसरलात? महिन्याला १० टक्के परतावा, १८ महिने, असं सांगून बिटकॉइन गोळा केले. परत द्यायची वेळ आली तेव्हा एमकॅप नावाचं स्वतःचंच नवं कॉइन लोकांच्या हातात ठेवलं. पुण्यात गुन्हे दाखल झाले. आणि तपासात मदत करायला घेतलेल्या तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, कॉइन वळवल्याच्या आरोपावरून. माझ्या ओळखीत निवृत्त शिक्षक आहेत, ग्रॅच्युइटी अशाच एका योजनेत घातली. आज मुलाकडून औषधाला पैसे मागताना त्यांची मान वर होत नाही. त्यांना एक्सप्लोरर बघायला सांगणार तुम्ही?

साखळीवाला

काका, ती साखळी योजना होती. सोन्याच्या भिशीतही लोक बुडतात, म्हणून सोनं जुगार होत नाही.

द्राक्षबाग

लेखातल्या पीटूपीच्या पायरीबद्दल बोलायचंय. माझ्या धाकट्या भावाने याच रस्त्याने यूएसडीटी विकले, चाळीसेक हजारांचे. पैसे यूपीआयने आले, ॲपवर व्यवहार पूर्ण झाला. काही दिवसांनी एटीएमवर गेला तर खातं गोठलेलं. त्याच खात्यात बागेचे पैसे होते, औषधदुकानाची उधारी त्यातूनच जायची. शाखेत विचारलं तर ‘दुसऱ्या राज्यातल्या सायबर सेलचं पत्र आहे, तिकडे बोला’. तिकडे फोन कोणी उचलत नाही. समोरच्याने पाठवलेला पैसा कुणाच्या तरी फसवणुकीतला होता, हे भावाला कळणार कसं? आम्ही व्यापाऱ्याची पत बघितल्याशिवाय घड तोडत नाही, आणि हा लेख सांगतो की अनोळखी माणसाकडून पैसे घ्या, बिनधास्त!

निशिगंधा

मी बँकेत आहे म्हणून लिहिते. १९३० वर (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर) तक्रार आली की पैसा जिथे जिथे गेला तिथपर्यंत सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरून खातं रोखायची सूचना येते. आम्ही नाही म्हणू शकत नाही. ज्या बाईचे आयुष्यभराचे पैसे गेले तिच्या बाजूनेही बघा. तुमच्या भावाच्या खात्यात तिचा पैसा आला, हे खरं आहे ना?

द्राक्षबाग

म्हणजे माझा भाऊ चोर? वाद चाळीस हजारांचा आणि अडवलं सगळं खातं. मजुरांची मजुरी आईच्या पाटल्या गहाण ठेवून दिली. बँकेत बसून ‘दुसरी बाजू’ सांगणं फार सोपं आहे, ताई.

निशिगंधा

चोर म्हटलेलं नाही, वाक्य पुन्हा वाचा. काउंटरवर रोज शिव्या आम्हीच खातो.

हिशेबनीस

दोघांनी जरा थांबा. खातं रोखायचा पोलिसांचा अधिकार पूर्वी सीआरपीसी (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम १०२ खाली होता, आता बीएनएसएस (त्याच्या जागी आलेला नवा कायदा) कलम १०६ खाली आहे, आणि जप्तीची माहिती मॅजिस्ट्रेटला द्यावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत वादातल्या रकमेपुरतंच खातं रोखा असं बँकांना सांगितलं होतं. लेखी अर्ज करा: ॲपवरची ऑर्डर, चॅट, वॉलेटच्या व्यवहाराचा हॅश (नोंद क्रमांक), खात्याचा उतारा सोबत जोडा. फोनवर काही होत नाही.

आता मूळ लेखाबद्दल, कारण करावर त्यात अक्षर नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, वर सेस. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका टोकनात ४० हजार कमावले, दुसऱ्यात ४० हजार घालवले, तरी कर १२,४८० रुपये, कारण तोटा वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. यूएसडीटी देऊन नवं टोकन घेतलं की तीही यूएसडीटीची विक्रीच. डेक्सवर दिवसाला दहा स्वॅप करणारी पोरं जुलैत माझ्याकडे रडत येतात, कुणाकडे एक नोंद नसते.

वामनराव मिरजकर

३० टक्के घेताय तर संरक्षण द्या की! कर घ्यायला सरकार पुढे, खातं गोठलं की ‘तिकडे बोला’. बँकेतल्या ठेवींवरही तेच, व्याजावर टीडीएस कापतात…

कऱ्हाकाठ

वामनराव, ठेवींसाठी दुसरा धागा काढा.

अक्षरजुळणी

इथे सगळे भाव आणि नफ्यावरच बोलतायत. माझी नणंद दुबईत. तिथल्या सहकाऱ्यांना घरी पैसे पाठवताना कापले जाणारे चार्जेस तिने बघितलेत, आणि काहींनी स्टेबलकॉइनने (यूएसडीटीसारख्या, डॉलरला बांधलेल्या कॉइनने) पाठवून वाचवलेही. त्यांच्यातल्याच एकाने ट्रॉन नेटवर्कवरचे यूएसडीटी इथेरियम या दुसऱ्या नेटवर्कच्या पत्त्यासाठी म्हणून पाठवायला घेतले, शेजारच्याने थांबवलं म्हणून वाचला. नेटवर्क कुठलं ते आधी जुळवा, मग छोटी रक्कम पाठवून पोचल्याची खात्री करा, हे लेखात का नाही?

साखळीवाला

ठीक आहे. नेटवर्क आणि गॅसचं राहिलं होतं, घालतो. विकून बघायची पायरीही घालतो, कऱ्हाकाठांना एवढा आनंद होणार असेल तर. पण स्वतःचं वॉलेट पहिल्या पायरीवरून हलणार नाही. आणि पीटूपी मी काढणार नाही, हजारो लोक रोज करतात.

कऱ्हाकाठ

वॉलेटचं मान्य. एक्स्चेंजवर माल साठवू नये, हे मीही म्हणतो. पण रुपये आत-बाहेर करायला एफआययूकडे (सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी असलेलं एक्स्चेंज असताना नवशिक्याला पीटूपीवर कशाला पाठवता? मार्च २०२३ पासून हे व्यवहार पीएमएलएखाली (मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली) आलेत, नोंदणी आहे की नाही ते तपासता येतं. घेण्याआधी एवढं मात्र बघा की ते एक्स्चेंज बाहेरच्या वॉलेटला कॉइन पाठवू देतं का.

साखळीवाला

नोंदणी होती तरी एक्स्चेंज लुटलं गेलं, यावर तुम्ही अजून बोलला नाहीत.

द्राक्षबाग

ते नंतर भांडा. साखळीवाले, पायरी ठेवायची तर ठेवा, पण तिच्याखाली लिहा की पीटूपीसाठी घरखर्चाचं, बागेचं खातं वापरू नका. रिकामं वेगळं खातं ठेवा. हिशेबनीस, अर्जाचा मसुदा इथे टाकाल का? सोमवारी भावाला घेऊन शाखेत जातोय.

निशिगंधा

मसुद्यात पोर्टलवरचा तक्रार क्रमांक हवा. तो शाखेकडून लेखी मागा, द्यायला हरकत नसते. नाही दिला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.