स्ट्रॅटेजी चालत असती तर विकली कशाला असती?

डिचोलीकर
चवथीच्या सुमारास मावसभावाने 18,000 रुपये मोजून निफ्टी निर्देशांकाचे ऑप्शन (पुढच्या भावावरचे करार) विकायची स्ट्रॅटेजी, म्हणजे ठरलेली पद्धत, घेतली. बॅकटेस्टचा (जुन्या भावांवर घेतलेल्या चाचणीचा) आलेख असा, की पणजीच्या अटल सेतूचा चढ त्याच्यापुढे सपाट. दिवाळीपर्यंत भांडवलातले दीड लाख गेले. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर: "तुम्ही शिस्त पाळली नाही." माझं मत सरळ आहे. ज्याची पद्धत खरंच चालते तो गुपचूप कमवेल, विकत बसणार नाही. विकतो तो लबाड, आणखी पारख कसली करायची? शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या 2024 च्या अहवालात फ्युचर्स-ऑप्शन्समधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात निघाले. उरलेले सात टक्के काय जाहिराती करत हिंडतात?

फोंड्याचा तिठा
वाईट झालं, पण कसोटी पटली नाही. बागेचा मालक भाटकार मानकुराद विकतो म्हणून आंबा आंबट ठरत नाही. डोकं असून भांडवल नसलेला माणूस विकणारच. पाहायचं ते हे, की पाटी तळापर्यंत उपसून दाखवतो का. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला. ऑप्शन विकताना रोज थोडं थोडं जमतं आणि अशा एका दिवसात वर्षाचं जातं. त्या दिवसाचा हिशोब मागा. "तो अपवाद म्हणून वगळला" असं ऐकलं की तिथूनच उठा. ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर), स्लिपेज (धरलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक) धरलंय का तेही विचारा. बहुतेकांचा नफा तिथेच विरघळतो.

डिचोलीकर
पाटीत वर मानकुराद, खाली हलका मुसराद हे आम्हीही पाहिलंय, बाब. पण आंबा विकला की भाटकाराकडचा संपतो. हा तीच पद्धत हजार जणांना विकतो. हजार जण एकाच मिनिटाला एकच स्ट्राइक (ठरावीक भावाचा ऑप्शन) विकायला धावले तर भाव कोण देणार?

फोंड्याचा तिठा
निफ्टीत हजार जणांनी काही हलत नाही. छोट्या शेअरचा ऑप्शन असेल तर तुमचं म्हणणं खरं.

अस्नोड्याची बाय
आंबे पुरे. नोंदणी क्रमांक कोणी पाहिला का? सेबीकडे नोंदलेल्या रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक आयएनएचने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने. जाहिरातीतला क्रमांक दुसऱ्याचाही असतो, म्हणून सेबीच्या साइटवर शोधून तिथल्याच ईमेलवर विचारायचं. आतलं गणित न दाखवणारी 'ब्लॅक बॉक्स' अल्गो (आपोआप सौदे करणारा प्रोग्राम) पुरवायला फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकाप्रमाणे रिसर्च अ‍ॅनालिस्टची नोंदणी लागते. आणि ठरावीक नफ्याची हमी तर नोंदणीवाल्यालाही देता येत नाही. महिन्याला पाच टक्के पक्के म्हटलं की बाकी काही तपासूच नका.

पेडण्याचा रहिवासी
नोंदणी म्हणजे नफा नव्हे हो, बाय. मी नोंदणीवाल्याकडूनच घेतली होती, वर्षात फीसुद्धा निघाली नाही. त्याने लुबाडलं असं म्हणणार नाही, पद्धतच चालली नाही. स्क्रीनशॉटचं मात्र ऐका. दोन खाती उघडायची, एकात खरेदी, दुसऱ्यात विक्री, संध्याकाळी नफ्यातल्या खात्याचा फोटो टाकायचा. मांडवीतल्या कॅसिनोत जिंकलेला गावभर सांगतो, हरलेला पहाटेच्या कदंब बसने मुकाट घरी येतो. तसंच हे.

अस्नोड्याची बाय
नफा मिळेल असं मी कुठे म्हटलं? नोंदणीवाला फसवेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार तरी करता येते. बिननोंदणीवाल्याला कुठे शोधणार?

डिचोलीकर
आता क्रमांक तपासला. आयएनएच खरा आहे, पण नाव भलत्याचंच. आणि 18,000 गेले ते यूपीआयने, कुठल्याशा बाईच्या खात्यात. पावती नाही.

फोंड्याचा तिठा
मग हा वाद स्ट्रॅटेजीचा उरलाच नाही. उशीर झालाय, तरी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा. व्यवहाराचा क्रमांक आणि चॅट पुसू देऊ नका, भाऊ रागात पुसून टाकेल.

डिचोलीकर
भावाने ग्रुप कालच सोडला. चॅट आहे का ते जेवल्यावर बघतो. विकणाऱ्यांबद्दलचं माझं मत मात्र आहे तसंच आहे.