विका म्हणणं सोपं आहे, पण नळ एकच असतो त्याचं काय?

कडूकाढा

परवा एका गटात लांबलचक पोस्ट फिरत आली. मथितार्थ असा: सरकारने कारभार बघावा, दुकानं चालवू नयेत, पाणी, वीज, रेल्वे, टपाल सगळं खाजगी हातात द्या, स्पर्धा आली की आळशी लोक सरळ होतील. खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन ओळींचं उत्तर लिहायला बसलो आणि रात्र गेली, म्हणून हा धागा.

स्पर्धा कोणाची कोणाशी? साबण आवडला नाही तर दुसरा घेता येतो. घरात येणारी पाण्याची पाइप एकच असते. ती ज्याची, त्याचे आपण कायमचे गिऱ्हाईक, पसंत असो वा नसो. इंग्लंडने १९८९ मध्ये हे करून बघितलं. विकण्याआधी सरकारने पाणी मंडळांचं सुमारे ५ अब्ज पौंडांचं कर्ज माफ केलं, म्हणजे नव्या मालकांना कोरी पाटी. आज त्या कंपन्यांवर मिळून ६० अब्ज पौंडांहून जास्त कर्ज आहे. मधल्या काळात भागधारकांना लाभांश मात्र नीट पोचला. नद्यांत मैलापाणी सोडल्याबद्दल दंड चालूच आहेत. मे २०२५ मध्ये एकट्या थेम्स वॉटरला १२ कोटी पौंडांच्या वर दंड झाला. नियामक होता की, ऑफवॉट! त्याचा कारभार बघून सरकारने आता त्यालाच मोडीत काढायचं ठरवलंय. शेजारच्या स्कॉटलंडने पाणी सरकारी ठेवलं, तिथे आभाळ कोसळलं नाही.

विकायचं तर विका. फक्त त्याला स्पर्धा म्हणू नका.

वहीखाते

असहमत, आणि जरा वैतागूनच लिहितोय. १९८९ च्या आधी काय नंदनवन होतं का? सरकार महागाईला घाबरून दर वाढू द्यायचं नाही, खर्चाला कात्री लावायचं, दुरुस्ती पुढच्या वर्षावर. समुद्रकिनाऱ्यांवर काय वाहत यायचं ते तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. खाजगीकरणानंतर पैसा आला आणि किनारे सुधारले. आणि स्कॉटलंडचं कौतुक जपून करा. तिथे मैलापाणी सोडत नाहीत असं नाही, तिथल्या सांडव्यांवर मोजणीची यंत्रंच कितीतरी कमी होती. मोजलंच नाही तर बातमी कुठून येणार?

आता तुम्ही न सांगितलेलं उदाहरण. अर्जेंटिनात १९९० च्या दशकात काही नगरपालिकांनी पाणी खाजगी कंपन्यांकडे दिलं, काहींनी नाही. दोन्हींची तुलना करणारा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे खाजगीकरण झालं तिथे बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी घटले, आणि सगळ्यात गरीब भागांत २६ टक्क्यांनी. कारण साधं, नळ पहिल्यांदा गरीब वस्तीत पोचले. यावर बोला.

कडूकाढा

बोलतो. अभ्यास चांगला आहे, मान्य. पण त्यातलं सगळ्यात मोठं शहर बुएनोस आइरेस. तिथला करार १९९३ चा, आणि २००६ मध्ये सरकारने तो मोडून पाणी परत ताब्यात घेतलं. पुढे काय झालं ते का गाळता?

वहीखाते

मोडला म्हणून जगलेली मुलं परत मेली का?

कडूकाढा

ही कुठली भाषा?

तिरकस

वा! दहाव्या प्रतिसादाच्या आत मुलांवर आलात. धागा शंभरी गाठणार. चालू द्या.

पुन्हा_रांगेत

अभ्यास वगैरे मला कळत नाहीत. मी एवढंच सांगते की आमच्या घरी फोन यावा म्हणून वडिलांनी अर्ज केला तेव्हा मी शाळेत होते आणि तो आला तेव्हा माझी नोकरी लागली होती. मधल्या काळात वडील त्या कचेरीत जाऊन काय काय ऐकून आले! साहेब जागेवर नाहीत. फाईल वर गेलीय. फाईल खाली आलीय. एकदा तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता हातानेच जा म्हणून खूण केली. वडील शिक्षक होते, गावात मान होता. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. आज फोन नीट चालला नाही तर मी कंपनी बदलते. सरकारी सेवेवर प्रेम असणाऱ्यांनी बहुतेक त्या खिडकीसमोर कधी उभं राहून बघितलेलं नाही.

निमूट

ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण आता माझी खिडकी ऐका, कारण मला खिडकीच सापडली नाही.

आमच्याकडची वीज खाजगी कंपनीकडे गेली. बंद घराचं बिल असं आलं की जणू आत कारखाना चालू आहे. फोन केला. यंत्राने सांगितलं, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग संगीत. मग एक दाबा, चार दाबा. मग एक गोड मुलगा, त्याने तक्रार क्रमांक दिला. पुढच्या वेळी दुसरा गोड मुलगा, त्याला आधीचा क्रमांक दिसतच नव्हता, त्याने नवा दिला. मग निरोप आला की तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे, कृपया आम्हाला गुण द्या. बिल तेच! ऑफिस शोधत गेलो तर काचेचं दार आणि सुरक्षारक्षक, म्हणे ऑनलाइन करा. सरकारी कचेरीत निदान टेबलावर हात आपटायला समोर माणूस तरी असायचा.

तिरकस

गुण किती दिलेत?

निमूट

पाच. चुकून बोट लागलं.

पुन्हा_रांगेत

म्हणजे गोड बोलणारा मुलगा चालत नाही, खेकसणारा कारकून चालतो? धन्य आहे. निदान अपमान तरी झाला नाही ना तुमचा?

निमूट

अपमान करायला समोर कोणी असावं लागतं. तुमच्या वडिलांना त्या कारकुनाचा चेहरा माहीत होता, त्याच्या वर कोण बसतं ते माहीत होतं, नगरसेवकाकडे जाता येत होतं. मी कोणाकडे जाऊ?

हेडफोन_काढला

एरवी नुसता वाचतो, पण यावर लिहावंच लागेल. तो गोड मुलगा मी होतो. वीज नाही, दुसरी सेवा, पण चाल तीच.

आमच्या हातात बिल दुरुस्त करायचा अधिकारच नसायचा. पडद्यावर जे दिसतं ते वाचून दाखवायचं. कॉल लांबला की लाल दिवा, जास्त लाल दिवे की पगारातून प्रोत्साहनभत्ता गेला. त्यामुळे सगळ्यात फायद्याचं काम म्हणजे नवा तक्रार क्रमांक देऊन फोन ठेवणं. आणि आम्ही त्या कंपनीचे नव्हतोच. कंपनीने कंत्राट दिलं एकाला, त्याने माणसं घेतली दुसऱ्याकडून, माझ्या पगारपत्रकावर तिसरंच नाव. लोक मला शिव्या देताना 'तुमची कंपनी' म्हणायचे तेव्हा हसू यायचं. गोडव्याचं प्रशिक्षण मात्र कसून दिलं होतं.

पुन्हा_रांगेत ताई, खिडकीतला माणूस माजोरी होता कारण त्याला कोणी काढू शकत नव्हतं. मी गोड होतो कारण मला कोणीही, केव्हाही काढू शकत होतं. काम दोघांनीही केलं नाही.

पुन्हा_रांगेत

हे मात्र पटलं. चिडूनच म्हणतेय, पण पटलं. फक्त एक सांगा, कायम नोकरी, रजा, पेन्शन सगळं घेऊन काम न करणाऱ्याचा खर्च माझ्या करातून का?

वहीखाते

तक्रार-तक्रार पुरे! निमूटरावांचं एक बिल म्हणजे धोरण नव्हे. वीजच घ्यायची तर दिल्ली घ्या. २००२ मध्ये वितरण खाजगी झालं तेव्हा निम्म्याहून जास्त वीज गळती, चोरी आणि वसुलीअभावी बुडत होती. आज ते प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आहे. तोवर चोरीची किंमत कोण भरत होतं? प्रामाणिक ग्राहक.

आणि रेल्वे. जपानने १९८७ मध्ये कर्जात बुडालेल्या राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे करून कंपन्या केल्या. तिथल्या गाड्यांचा वक्तशीरपणा मी सांगायला नको.

कडूकाढा

जपान येणार हे माहीत होतंच. सगळे टोकियोवर थांबतात. होक्काइदो आणि शिकोकू या बेटांवरच्या कंपन्या आजही सरकारच्याच मालकीच्या आहेत, कारण विरळ वस्तीत रेल्वे नफ्यात येत नाही. होक्काइदोत मार्ग बंद होत चाललेत. मलई विकली, ताक सरकारकडे.

ब्रिटनमध्ये तर रूळसुद्धा विकले होते. रेलट्रॅक नावाची कंपनी, १९९६. देखभाल कंत्राटदारांकडे. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफील्डला भेगाळलेला रूळ तुटला, ४ माणसं गेली. मग कळलं की कुठला रूळ कुठल्या अवस्थेत आहे याची धड नोंद कंपनीकडे नव्हतीच. वर्षभरात रेलट्रॅक दिवाळखोरीत, २००२ मध्ये रूळ नेटवर्क रेलकडे, आणि ती संस्था आज सरकारीच आहे.

वहीखाते

आणि त्याच ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या पंचवीसेक वर्षांत रेल्वे प्रवास दुपटीहून जास्त झाला. लोक काय शिक्षा म्हणून गाडीत बसत होते? रूळ परत घ्यावे लागले हे ठीक, रूळ विकायला नकोच होते. झालं समाधान?

कडूकाढा

अर्धं. लिहून ठेवतो.

सोळाआणे

उशिरा आलो. दोघंही मालक कोण यावरच भांडताय. कंबोडियाच्या राजधानीचं, नॉम पेन्हचं, उदाहरण कोणीच काढलं नाही? १९९३ मध्ये एक सोन चान ('एक' हे आडनाव) यांनी तिथल्या सरकारी पाणीसंस्थेचा कारभार घेतला तेव्हा ७० टक्क्यांच्या वर पाणी गळून किंवा चोरून जात होतं, आणि चोरणाऱ्यांत संस्थेचेच लोक होते. त्यांनी हाताखालच्यांना काढलं, सगळीकडे मीटर बसवले, बड्या लोकांनाही बिलं लावली. एका लष्करी जनरलने मीटर बसवू द्यायच्या ऐवजी त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं. त्याचाही नळ तोडला. गळती पुढे ६ टक्क्यांच्या आसपास आली. संस्था सरकारीच.

वहीखाते

सरकारी आणि शेअर बाजारात! २०१२ मध्ये कंबोडियाच्या बाजारात नोंदलेली पहिलीच कंपनी हीच. हे सांगायचं राहिलं वाटतं.

सोळाआणे

१५ टक्के भाग विकला, ८५ सरकारकडे. तुम्हाला १५ टक्के विजय मुबारक. आता शिकागो घ्या. २००८ मध्ये शहराने रस्त्यावरचे पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी दिले, १.१५ अब्ज डॉलर रोख घेतले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक खर्चून टाकले. नगरसभेत मंजुरी काही दिवसांत. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी हिशेब मांडला की जवळजवळ एक अब्ज डॉलर कमी घेतले. वर शहराने मिरवणुकीसाठी किंवा दुरुस्तीसाठी रस्ता बंद केला तर कंपनीला भरपाई शहरानेच द्यायची. कंपनीने लबाडी केली नाही, करार वाचला. शहराने वाचला नाही.

म्हणून माझा प्रश्न वहीखातेंना. जे सरकार स्वतःची कचेरी चालवू शकत नाही, म्हणून विका म्हणताय, तेच सरकार ७५ वर्षांचा करार लिहिणार आणि कंपनीवर लक्ष ठेवणार? ते अक्कल आणणार कुठून?

वहीखाते

प्रश्न बरा आहे. उत्तर पूर्ण नाही माझ्याकडे. पण उलटा विचारतो: त्याच बिनअकली सरकारकडे नळही ठेवायचा?

निमूट

तिथे निदान कागद मागता येतो. इंग्लंडच्या पाणी कंपन्या म्हणत होत्या की आम्ही खाजगी, पर्यावरणाची माहिती मागणाऱ्याला द्यायला बांधील नाही. मासेमारांच्या एका संघटनेला त्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं, २०१५ मध्ये न्यायाधिकरणाचा निकाल लागला तेव्हा कुठे दारं उघडली. त्या नोंदी नसत्या तर कडूकाढांचा अर्धा धागा झाला नसता.

वहीखाते

म्हणजे खाजगी असूनही दारं उघडली. हे माझ्या बाजूचं आहे की तुमच्या?

हेडफोन_काढला

कायदा होता म्हणून उघडली. वहीखाते, तुमच्या करारात एक कलम घालाल का? तक्रार घेणाऱ्या माणसाकडे बिल दुरुस्त करायचा अधिकार हवा आणि तो कंपनीच्याच पगारावर हवा.

वहीखाते

मग दर वाढेल.

पुन्हा_रांगेत

वाढू दे. मी भरते.