मदत हवी आहे : बास्केटबॉलमध्ये धावत येऊन थांबल्यावर जंप शॉट (उडी मारून हवेतून टाकलेला चेंडू) उजवीकडे का जातो?

नमस्कार. मी नेरूळला राहते, वय ३९. शाळेत आणि महाविद्यालयात मिळून दहा वर्षे खो-खो खेळले आणि गेल्या दीड वर्षापासून आमच्या सोसायटीच्या मैदानावर बास्केटबॉल शिकते आहे. शिकवायला कोणी नाही. पहाटे पावणेसहा ते सात मैदान रिकामे असते, तेव्हा मी आणि माझी शेजारीण आळीपाळीने एकमेकींना पास देतो आणि शॉट मारतो. जे काही येते ते पाहून आणि चुकून आलेले आहे, त्यामुळे कोणी अगदी मुळापासून सांगितले तरी मला ते हवेच आहे.

फ्री थ्रोच्या (रिंगसमोरून मोकळ्या फेकीच्या) रेषेवर उभी राहून मारलेल्या दहा चेंडूंपैकी माझे सहा-सात जातात. तेवढ्याच अंतरावर डावीकडून उजवीकडे धावत येऊन, पास घेऊन, थांबून उडी मारली की दोन-तीन गेले तरी पुष्कळ झाले. चुकणारे चेंडू जवळजवळ सगळे एकाच जागी चुकतात, रिंगच्या उजव्या कडेला आणि थोडे आखूड. उलट दिशेने, म्हणजे उजवीकडून डावीकडे धावताना एवढी वाईट स्थिती नसते. मी उजव्या हाताने शॉट मारते.

गेल्या आठवड्यात पावसाने दोन दिवस उघडीप दिली आणि सिमेंट वाळले, तेव्हा शेजारणीने खडू आणला. प्रत्येक शॉटला मी जिथून उडी मारली तिथे आणि जिथे उतरले तिथे तिने माझ्या बुटांभोवती रेघ ओढली. वीस शॉटनंतर जमिनीकडे पाहिले तर चूक तिथे स्पष्ट मांडून ठेवलेली होती. डाव्या पायाचा चवडा बऱ्यापैकी रिंगकडे होता. उजवा पाय मात्र खांद्याच्या रेषेबाहेर पडलेला आणि त्याचा चवडा रिंगकडे नव्हे, तर मी ज्या दिशेने धावत होते त्या कुंपणाच्या भिंतीकडे. उतरल्याच्या खुणा उडीच्या खुणांपासून बुटाच्या लांबीपेक्षाही जास्त उजवीकडे. वर जायला हवी ती उडी बाजूला जात होती.

ही सवय खो-खोची असावी असे मला वाटते. आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांदा मागे वळवता येत नाही, वळवला तर फाऊल. खो मिळाल्यावर उठताना पहिल्याच पावलात सगळे अंग धावण्याच्या दिशेने झोकून द्यायचे, हे दहा वर्षे घोटलेले आहे. इथे मात्र पूर्ण वेगात असताना थांबायचे, खांदे काटकोनात रिंगकडे आणायचे आणि सरळ वर जायचे. डोक्याला ते कळते, पण पाय ऐकत नाहीत.

थांबताना डावे-उजवे अशी दोन पावले टाकावीत की छोटी उडी घेऊन दोन्ही पाय एकदम टेकवावेत? पाय पूर्ण रिंगकडे असलेच पाहिजेत का? आणि चेंडू हातात येण्याआधी नेमके काय झालेले असावे, हे मला विशेष करून समजून घ्यायचे आहे, कारण माझी गडबड तिथेच सुरू होत असावी.

प्रतिसाद (ठाणे)

ताई, तुम्ही खडूने जे केलेत, तसे प्रत्येक शिकणाऱ्याने करायला हवे. मी वर्तकनगर भागात शाळकरी मुलांना शिकवतो आणि तुमची चूक त्यांच्यातही रोज पाहतो.

तुमचे लक्ष उजव्या पावलावर आहे, पण ते परिणाम आहे. कारण त्याच्या आधीच्या डाव्या पावलात आहे. उजवीकडे धावताना रिंगच्या बाजूचा पाय डावा असतो आणि ब्रेक लावण्याचे काम त्याचे आहे. ते पाऊल चवड्यावर हलके पडले, तर वेग तसाच पुढे जातो आणि उजवा पाय तो वेग सावरण्यासाठी लांब जाऊन पडतो. डावी टाच आधी टेकवा, गुडघा वाकवून कंबर खाली आणा आणि त्याच पावलावर अंग रिंगकडे वळू द्या, म्हणजे उजवा पाय फिरून आपोआप जवळ येईल. चेंडू पोहोचेल तेव्हा तुम्ही आधीच बसलेल्या असायला हव्यात. चेंडू घेऊन मग गुडघे वाकवले तर तेवढा वेळ वाया जातो आणि शॉट हातानेच ढकलावा लागतो.

आखूड जाण्याचे कारणही हेच आहे. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटीमीटर आणि पुरुषांच्या चेंडूचा साधारण २४. चेंडू ४५ अंशांच्या कोनात उतरला तर त्याला सुमारे ३२ सेंटीमीटरची वाट मिळते, तर ३० अंशांनी आला तर जेमतेम साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षाही कमी. बाजूला वाहून जाणाऱ्या उडीत पायांचा जोर वर पोहोचत नाही आणि कमान चपटी होते.

पाय पूर्ण सरळ असण्याचा आग्रह धरू नका. उजव्या हाताने मारणाऱ्याचे दोन्ही चवडे किंचित डावीकडे वळलेले असले, तर उजवा खांदा आणि कोपर रिंगच्या रेषेत सहज येतात. किंचित पुढे उतरणेही चालते. बाजूला उतरणे तेवढे थांबवा.

दोन-तीन आठवडे चेंडूशिवाय सराव करा : चालत या, डावे, उजवे, बसा आणि दोन सेकंद तशाच थांबा. तोल गेला तर ती खेप मोजू नका. मग चेंडू स्वतःच पुढे उलटी फिरकी देऊन टाका, एका टप्प्यानंतर घ्या आणि रिंगपासून दोन मीटरवरूनच मारा. शेजारणीचा पास त्यानंतर. एक राहिलेच, चेंडू कितव्या मापाचा आहे?

प्रतिसाद (खारघर)

मला दोन्ही पाय एकदम टेकवणे जास्त मानवले. पाय एकदम टेकले की कोणताही पाय पिव्होट (जागेवर रोवून ज्यावर वळायचे तो पाय) म्हणून वापरता येतो. दोन पावलांत आधी पडलेला पायच पिव्होट ठरतो. मात्र वेगात असताना उडी कमी उंचीचीच हवी, जमिनीलगत सरकल्यासारखी, नाहीतर गुडघ्यांना दणका बसतो. सिमेंटवर आणि आपल्या वयात हे फार जपायला हवे. सकाळी शेवाळ असेल तर हा सराव करूच नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चेंडू पाहिला, त्यावर ७ लिहिले आहे. सोसायटीतल्या मुलांचाच आहे, त्यामुळे कधी विचारच केला नाही. आज डाव्या टाचेचा सराव चेंडूशिवाय केला. पंचवीसपैकी नऊ वेळा तोल राहिला, पण त्या नऊ वेळा उजवा पाय खरोखर जवळ आला होता. अजून एक विचारते : उडी किती उंच हवी? मी पूर्ण जोर लावून उडते.

प्रतिसाद (ठाणे)

महिलांचा चेंडू ६ मापाचा असतो, घेर सुमारे एक इंचाने कमी आणि वजन साधारण ७० ग्रॅमने हलके. तो आधी घ्या. जड चेंडू सावरताना डाव्या हाताचा अंगठा नकळत ढकलतो आणि चेंडू पुन्हा उजवीकडेच जातो. डावा हात फक्त टेकलेला राहील, शॉट सुटल्यावर त्याचा पंजा फिरलेला दिसणार नाही, याकडे शेजारणीला लक्ष ठेवायला सांगा.

उडीबद्दल : १९४३ साली अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाला बास्केटबॉलचे विजेतेपद मिळवून देणारे केनी सेलर्स, ज्यांचे नाव जंप शॉटच्या सुरुवातीशी घेतले जाते, ते स्वतःपेक्षा बऱ्याच उंच असलेल्या भावाच्या हातावरून चेंडू जावा म्हणून उडी मारायला लागले. तुमच्यासमोर सध्या कोणी हात उंचावून उभे नाही, त्यामुळे वीतभर उडी पुरे. उडीच्या शिखरावर पोहोचण्याच्या किंचित आधी, वर जात असतानाच चेंडू सोडा. पुढच्या उघडिपीत पुन्हा खडू घ्या आणि उजव्या पावलाच्या खुणा कुठे पडल्या ते इथे लिहा.