मुंबई, नाताळ आणि १४-१६ वर्षांची मुलं

जळगावहून मुलांना घेऊन तीन दिवस मुंबई कशी करायची, हा प्रश्न असेल, तर या काही गोष्टी. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढा. बारा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण तिकीट लागतं. रात्रीची गाडी सकाळी पोचवते, पण हॉटेलची खोली बहुधा दुपारीच मिळते. तोवर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप हवंच, नाहीतर घेत नाहीत. तिकीटही जपून ठेवा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, आणि लाँचला गेटवेहून एका बाजूने तासभर धरा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही मार्गांवर गाड्या बंद किंवा कमी) आधी बघून घ्या. दिवसाला दोनच ठिकाणं, त्यातलं एक मुलांनी निवडलेलं. तिसरं कोंबलं की संध्याकाळी चिडचिड होतेच. स्वेटर गाडीपुरताच, आपल्याकडची थंडी तिथे नाही.