शेवटचे १९५ मीटर कुणाचे?

लहान खेळाडूंसाठी निधी जमवायला तुमच्यापैकी कोण मॅरेथॉन धावलंय? किती वेळात धावलात ते नंतर सांगा. पैसे कसे मागितले, मुलांपर्यंत काय पोचलं, ते आधी लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्या मैदानावरची एक मुलगी ८०० मीटर धावते. वर्षभरात तिचा पाय दोन मापांनी वाढला, स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले धावायचे बूट, तेच राहिले. अंगठ्याचं नख काळंनिळं. ते पाहिलं आणि नाव नोंदवलं. सोळा आठवड्यांचा सराव जमला, पण मागणं फार जड गेलं. निरोप लिहायचा, पुसायचा, परत लिहायचा. ‘खेळाला हातभार लावा’ लिहिलं तेव्हा नुसत्या शुभेच्छा आल्या. ‘एकीचे स्पाइक्स, दोघांचं स्पर्धेला जायचं भाडं’ असं लिहिल्यावर पैसे आले. १९८० मध्ये कृत्रिम पायावर धावत कॅन्सर संशोधनासाठी निधी गोळा करणाऱ्या टेरी फॉक्सनेही प्रत्येक कॅनडावासीयाकडे एकच डॉलर मागितला होता. नेमकं मागावं, हे मला उशिरा कळलं. आता तुम्ही लिहा.

* * *

मी किलोमीटरमागे रक्कम मागितली. ४२ किलोमीटर वाटले गेले. आत्याने विचारलं, “अंतर ४२.१९५ ना? मग ते वरचे १९५ मीटर कुणाचे?” म्हटलं, कुणाचेच नाहीत. “ते माझे,” म्हणाली, आणि सगळ्यात मोठी रक्कम तिनेच दिली.

बत्तिसाव्या किलोमीटरला पाय लाकडाचे झाले. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधनाचा, साठा संपत आला की असं होतं; मी एनर्जी जेल घ्यायला उशीर केला होता. तिथून पुढे चाललो, धावलो, परत चाललो. ४२ ची पाटी दिसल्यावर मात्र चाललो नाही. ते आत्याचं अंतर होतं.

* * *

माझी शर्यत २७ व्या किलोमीटरला संपली, गुडघा गेला. देणाऱ्यांना एकेक करून फोन केला, पैसे परत हवेत का विचारलं. एक काका चिडलेच. “मी काय तुझ्या गुडघ्याला दिले होते?”

* * *

मी प्रशिक्षक आहे, म्हणून एक कळकळीची विनंती. सगळे पैसे बुटा-कपड्यांत घालू नका. एकदा आमच्याकडे नव्या किटचा ढीग आला, आणि दोन महिन्यांनी हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दुखावलेल्या मुलाला फिजिओकडे न्यायला हातात काही नव्हतं. थोडे बाजूला ठेवा. आणि हिशेब प्रत्येकाला पाठवा, पावत्यांसकट.

* * *

मी घेणाऱ्यांपैकी. तेराव्या वर्षी मला माझ्या मापाचे पहिले स्पाइक्स मिळाले. कुणी दिले ते सांगितलं नव्हतं, पण खोक्यात बुटांखाली शर्यतीचा एक बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, होता. तो अजून जपून ठेवलाय. चार कोपऱ्यांना पिनांची भोकं आहेत, मागे पेनाने लिहिलेल्या दोन ओळी. घामाने शाई पसरलीय. ‘पोरी’ एवढा पहिला शब्द लागतो.