मदत हवी आहे: आतड्यातला बॅक्टेरॉइड्स जीवाणू कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद का देत नाही?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या सेमिनारला आतड्यातले जीवाणू जन्मजात प्रतिकारशक्तीला कसे चकवतात हा विषय घेतलाय. एका ठिकाणी गाडी अडलीय.

प्रॅक्टिकलला अनेरोबिक (ऑक्सिजनविरहित) जारमधून प्लेट काढली, तर जीवाणूंची वाढ कोलिस्टिनच्या डिस्कला अगदी खेटून. व्हँकोमायसिन, कॅनामायसिनभोवतीही तेच. तिन्हींना दाद देत नाही म्हणजे बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस गट, असं जर्नलमध्ये लिहून मोकळे झालो. कारण कोणी विचारलंही नाही.

मग २०१५ चा ‘सायन्स’मधला पेपर हाती लागला. कोलिस्टिन काय किंवा आतड्याच्या पेशी सोडतात ती जीवाणूनाशक पेप्टाइड्स (छोटी प्रथिनं) काय, दोन्ही धन प्रभाराची. जीवाणूच्या बाह्यपटलातल्या लिपिड ए या मेद-रेणूवरच्या ऋण प्रभाराच्या फॉस्फेटला ती चिकटतात आणि पटल फाडतात. बॅक्टेरॉइड्स थीटाआयोटाओमायक्रॉन (व्हायवात हे नाव घेताना बोबडी वळणार) एलपीएक्सएफ या एन्झाइमने एक फॉस्फेट काढूनच टाकतो. त्या एन्झाइमचं जनुक उडवलेला म्युटंट उंदराच्या आतड्यात एरवी तग धरतो, पण सिट्रोबॅक्टर या रोगकारक जीवाणूच्या संसर्गाने आतड्याला सूज आली की मागे पडतो.

पण लिपिड ए ला टीएलआर४ (जीवाणू ओळखून सूज भडकवणारा आपल्या पेशींवरचा ग्राहक) सुद्धा ओळखतो ना? मग म्युटंट मार खातो तो पेप्टाइड्सचा, की टीएलआर४ जास्त भडकल्याचा? सर म्हणतात, दोन्ही लिही. मला ते पटत नाही. आणि साल्मोनेला हा रोगकारक जीवाणूही असंच करतो का?

प्रतिसाद:
मूळ आणि म्युटंट हे दोन्ही वाण एकाच उंदरात असतील तर टीएलआर४ ने भडकवलेली सूज दोघांच्याही वाट्याला येणार. तरी म्युटंटच मागे पडला, तर फरक त्याच्या पटलातच. माझं मत पेप्टाइड्सकडे. शिवाय बॅक्टेरॉइड्सच्या लिपिड ए ला मेदाम्लाच्या बहुधा पाचच साखळ्या, ई. कोलायला सहा. पाचवाल्याने टीएलआर४ फारसा चेततच नाही. साल्मोनेला फॉस्फेटवर अमिनोअरॅबिनोज ही साखर चढवून प्रभार झाकतो, तेही फॉपी-फॉक्यू या संवेदक प्रथिनजोडीचा इशारा मिळाल्यावर. बॅक्टेरॉइड्स मात्र कायमचाच सज्ज.

धागाकर्ता:
आभार ताई! ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंना बाह्यपटल नाही, म्हणजे लिपिड ए नसतंच, त्यांचं काय?

प्रतिसाद:
त्यांच्यातले बरेच जण पेशीभित्तीतल्या टायकोइक ॲसिडवर डी-ॲलानिन हे अमिनो आम्ल बसवून ऋण प्रभार कमी करतात. त्यासाठीची डीएलटी जनुकं शोध.